करार संपला, पावती नाही, आता मालकाने पाणी बंद केलंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही भोसरीत राहतो. चाळवजा इमारत आहे, खाली-वर मिळून १४ खोल्या आणि संडास चार. वडील एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत, आई तीन घरची धुणीभांडी करते. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, भाऊ दहावीत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये परभणीहून आलो तेव्हा भाडं ३,५०० होतं आणि डिपॉझिट २०,००० दिलं. त्यातले १२,००० आईची पोत मोडून आले होते, त्यामुळे हा आकडा घरात सगळ्यांना पाठ आहे. आता भाडं ४,५०० आहे. लाइटबिल वेगळं, सबमीटरवर युनिटला १२ रुपये.

सुरुवातीला शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ११ महिन्यांचा करार नोटरी केला होता. वर 'लीव्ह अँड लायसन्स' असं लिहिलंय. मूळ कागद मालकाकडे, आमच्याकडे फक्त फोटो, त्यातही शेवटचं पान अर्धंच आलंय. मुदत संपल्यावर नवा करार केलाच नाही. दर वर्षी भाडं तेवढं वाढलं. आधी रोख देत होतो, २०२३ पासून मालकाच्या मुलाच्या नंबरवर फोनने पाठवतो. पावती एकदाही मिळालेली नाही.

आता जागा बिल्डरला द्यायचीय म्हणे. मागच्या महिन्यात मालक दारात उभं राहून म्हणाले, "३० तारखेला खोली खाली करा." डिपॉझिटचं विचारलं तर रंगात आणि मोरीच्या फरशीत गेलं. नऊ खोल्या रिकाम्या झाल्यात. परवापासून टाकीचं पाणी आमच्या मजल्याला सोडत नाहीत. आई पहाटे पाचला मंदिराच्या नळावरून कळशा आणते आणि मग कामाला जाते.

जायचंच नाही असं आमचं म्हणणं नाही. भावाची परीक्षा मार्चमध्ये संपेपर्यंत मुदत आणि आमचे २०,००० एवढंच हवंय. करार संपलाय तर आमचा काही हक्क उरतो का? पोलिसात गेलो तर उलट आम्हालाच व्हेरिफिकेशन कुठंय विचारतील का? आणि केंद्राच्या नव्या कायद्यात दोनच महिन्यांचं डिपॉझिट घेता येतं असं एका रीलमध्ये ऐकलं, ते खरं का?

खानावळवाला: बांधकाम अनधिकृत असणार. पालिकेत एक अर्ज टाका, मालक दोन दिवसांत पाणी सोडेल बघा.

कागदपत्र_काका: हे अजिबात करू नका ताई. बांधकाम पाडायची नोटीस आली तर पहिलं सामान तुमचंच रस्त्यावर येईल आणि बिल्डरचं काम फुकटात होईल.

आता तुमचे प्रश्न. कागद नाही म्हणजे हक्क नाही असं तुम्ही धरून चाललाय, मालकही तेच धरून चाललेत. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

मुलाच्या नंबरवर गेलेला प्रत्येक हप्ता ही तुमची पावतीच आहे. बँकेतून २०२३ पासूनचं स्टेटमेंट काढा, फोन हरवायच्या आधी. पाण्याचं म्हणाल तर कलम २९ आहे. सबळ कारणाशिवाय पाणी, वीज तोडता येत नाही, कोर्ट ते पुन्हा सुरू करायला लावू शकतं.

पोलिसांत जरूर जा. भाडेकरूची माहिती ठाण्यात देणं हे मालकाचं काम आहे, तुमचं नाही. फक्त तोंडी सांगून परतू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दोन_खोल्यांचा_मालक: काका, अर्धंच सांगताय. कलम २९ भाडेकरूसाठी आहे, लायसन्सवाल्यासाठी, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती नुसती वापराची परवानगी असते त्याच्यासाठी, नाही. आणि कलम २४ विसरलात? मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट भाड्याने भरपाई लागते. मी पण मालकच आहे. आमच्या वडिलांची पेठेतली एक खोली पागडीत गेली ती गेलीच, म्हणून आम्ही ११ महिन्यांच्या पुढे जात नाही. पाणी तोडणं मात्र चूक, त्याचं समर्थन करत नाही.

कागदपत्र_काका: बरोबर आहे, मालक तेच म्हणतील. म्हणून तर कलम ५५ आधी सांगितलं. मुदतीनंतर दर वर्षी वाढवून भाडं घेत राहिले, तेही कागदाशिवाय. तेव्हा ही भाडेकरूची जागा की लायसन्सची, हा वाद कोर्टात नीट लढता येईल. पण ताई, दुप्पट भरपाईचा धोका खरा आहे. म्हणून 'हलणारच नाही' हा पवित्रा घेऊ नका. आणि लायसन्स संपलं असं धरलं तरी मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा असतो, कुलूप लावायचा हक्क त्याला मिळत नाही.

रीलचं अर्धं खरं. आदर्श भाडेकरार कायदा केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ ला मंजूर केला आणि त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा आहे. पण राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यातच हेही आहे की मुदतीनंतर राहिलात तर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं. रीलवाले पहिलं सांगतात, दुसरं गिळतात. तो सगळा कायदा लेखी करारावर उभा आहे, आणि तुमच्या १४ खोल्यांपैकी किती जणांकडे करार आहे?

सुप्रिया_पिंपरी: नोंदणी का करत नाहीत तेही बघा. या भाड्याच्या ११ महिन्यांच्या कराराला पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क जेमतेम सव्वाशे-दीडशे रुपये येतं. पण शहरात नोंदणी फी १,००० आणि वर एजंटचे पैसे. चाळीस हजार भाडं भरणाऱ्याला ते जाणवत नाही, ४,५०० वाल्याचा तेवढ्यात आठवड्याचा किराणा येतो. फी भाड्याच्या प्रमाणात ठेवली असती तर निम्म्या चाळी नोंदल्या गेल्या असत्या, असं माझं मत.

ताई, १५१०० वर फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाचा आहे. वकील फुकट मिळतो.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार. फोन लागला, सोमवारी कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात बोलावलंय. पोलिसांत अर्ज दिला आणि पोचही घेतली (दोनदा मागावी लागली). संध्याकाळी मालकाचा मुलगा येऊन म्हणाला, पाणी सोडतो, अर्ज मागे घ्या. वडील घ्यायला तयार आहेत, आई नाही म्हणते. काय करू? आणि करार वडिलांच्या नावावर आहे, त्यांना सुट्टी मिळत नाही. आई गेली तर चालेल का?

कागदपत्र_काका: आई बरोबर म्हणतेय. आधी मार्चअखेरपर्यंतची मुदत आणि डिपॉझिट परत करायची तारीख लिहून घ्या, मालकाची सही आणि दोन साक्षीदार, मग अर्जाचं बघू. आई गेलेली चालेल. महिलेला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. फक्त वडिलांच्या सहीचं पत्र, आधार कार्ड आणि स्टेटमेंटच्या दोन प्रती सोबत द्या. कराराच्या त्या अर्ध्या फोटोचीही प्रिंट काढा.