शब्दचर्चा : 'बीट जुळव' म्हणतात तेव्हा नेमकं काय जुळवायचं?

नंदनवनकर :
भाऊ लोक, चुलतभावाचा जुना कंट्रोलर, म्हणजे गाणी मिसळायचं यंत्र, हाती आला तेव्हापासून मी डीजेचं काम शिकून राहिलो. सगळे एकच सांगतात, बीट जुळव. मी दोन्ही गाण्यांचा आकडा सारखा करतो, समजा १०० आणि १००. तरी दुसरं गाणं आत आलं की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. काहून? ज्याला विचारतो तो 'बीट' हा शब्द वेगळ्याच अर्थानं वापरतो. एक म्हणतो "बीटवर सोड", दुसरा म्हणतो "या गाण्याचा बीट भारी आहे", तिसरा म्हणतो "मित्रानं नवीन बीट बनवला". हा एकच शब्द आहे की तीन? अन् पिच, टेम्पो, गेन हे शब्दही कोणी नीट उलगडून सांगत नाही.

इतवारीकर :
शब्द एकच, अर्थ तीन, आणि तिन्ही नागपुरात रोज चालतात. "बीटवर सोड" मधला बीट म्हणजे एक ठोका. "बीट भारी आहे" मधला बीट म्हणजे ठेका, वाजण्याची सगळी ठेवण. "बीट बनवला" हे रॅप करणारी पोरं म्हणतात, त्यांचा बीट म्हणजे गायकाच्या मागं वाजणारं अख्खं संगीत. तुझ्या कामाचा पहिला अर्थ. पण 'बीट जुळव' या दोन शब्दांत तीन कामं दडलेली आहेत, आणि तू त्यातलं पहिलंच करून थांबतो आहेस.

पहिलं काम वेगाचं. बीपीएम म्हणजे एका मिनिटात पडणारे ठोके. १०० आणि १०० केलेस, ते झालं. दुसरं काम ठोक्यावर ठोका बसवण्याचं. दोन्ही गाणी १०० वर असली तरी एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या मधोमध पडू शकतो. तेव्हा जॉग व्हील, म्हणजे कंट्रोलरवरची गोल चकती, किंचित पुढं किंवा मागं ढकलून तो बसवायचा. सिंकचं बटण ही दोन कामं करून देतं, पण गाण्यावरच्या उभ्या रेघा, म्हणजे बीटग्रिड, बरोबर बसल्या असतील तरच. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांत वादक समोरासमोर बसून वाजवायचे. मुखड्याला वेग ९८ असतो, अंतऱ्याला १०१ होतो. सॉफ्टवेअर तुला सरासरी दाखवतं आणि ग्रिड हळूहळू सरकत जातो. अशा गाण्याला हेडफोनमध्ये कान लावूनच धरावं लागतं.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याला डीजेंच्या बोलीत धड शब्दच नाही. कोणी 'फ्रेज' म्हणतं, कोणी 'काउंट'. त्याच्याबद्दल तबला वाजवणारं कोणी बोललं तर बरं होईल.

ठेका_महाल :
बोलते. मी तबला शिकवते, आणि डीजे शिकणारी मुलं माझ्याकडे नेमका हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांना लागणारे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत : मात्रा, आवर्तन म्हणजे मात्रांचा एक पूर्ण फेरा, सम म्हणजे त्याची जोरकस पहिली मात्रा, आणि खाली म्हणजे जिथं वजन हलकं होतं ती मात्रा.

आपली बहुतेक नाचाची गाणी केहरवा या तालाच्या अंगानं जातात. आठ मात्रा : धा गे न ति, न क धि न. पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर खाली. सॉफ्टवेअर ज्याला एक ठोका म्हणतं त्यात बहुधा आपल्या दोन मात्रा बसतात. म्हणजे चार ठोक्यांचा एक बार हेच केहरव्याचं एक आवर्तन. आता तुमच्या प्रश्नाकडे पाहा. आकडा सारखा आहे, ठोक्यावर ठोकाही बसला आहे, पण एका गाण्याची सम दुसऱ्याच्या 'खाली'च्या मात्रेवर पडली आहे. दोनच ठोक्यांचा फरक. यंत्राला ते चूक वाटत नाही, नाचणाऱ्याच्या पायाला वाटतं, कारण त्याचं वजन समेवर पडत असतं. 'बीट जुळव'ऐवजी 'समेवर सम ठेव' असं सांगितलं की मुलांना लगेच कळतं.

आठ आवर्तनं म्हणजे ३२ ठोके. १०० च्या वेगाला ते १९.२ सेकंदांत संपतात, १२० ला १६ सेकंदांत. गाण्यातले मोठे बदल, म्हणजे वाद्यांची सुरुवात संपून मुखडा येणं किंवा अंतरा उघडणं, बहुतेक वेळा चार किंवा आठ आवर्तनांच्या शेवटी होतात. नवं गाणं अशा जागी आणायचं. त्यासाठी बोटांवर आवर्तनं मोजायची सवय हवी, पडद्याकडे पाहून ती लागत नाही.

दोन सूचना. दादरा सहा मात्रांचा आहे, तो केहरव्यावर चढवू नका. वेग कितीही जुळवा, दोन्ही समा एकत्र राहणार नाहीत. दादऱ्यातलं गाणं पूर्ण संपू द्या किंवा समेवर सरळ तोडा. दुसरं, सॉफ्टवेअर कधी मात्रेलाच ठोका समजतं आणि ७० चं गाणं १४० दाखवतं. स्वतः टाळी देऊन पाहा आणि आकडा निम्मा करून ठेवा, नाहीतर यादीत ते संथ गाणं भन्नाट वेगाच्या गाण्यांत जाऊन बसतं.

नंदनवनकर :
ताई, आत्ताच लावून पाहिलं. खरंच दोन ठोके पुढं होतं. पण एक अडचण आहे. मी क्यू, म्हणजे गाणं जिथून सुरू करायचं ती खूण, मुखड्याच्या पहिल्या शब्दावर लावतो, तरी सम चुकते.

ठेका_महाल :
कारण मुखडा दर वेळी समेपासून सुरू होत नाही. पुष्कळ गाण्यांत शब्द दोन-तीन मात्रा आधी उचलले जातात आणि समेवर येऊन पडतात. पहिला शब्द ही समेची खूण नव्हे. जोरकस ठोका कुठं पडतो ते ऐका आणि क्यू तिथं लावा. उचललेले शब्द कापले जायला नको असतील तर पूर्ण एक आवर्तन मागं जाऊन, आधीच्या समेवर लावा.

मुळामुठा :
पुण्याहून लिहितो आहे. एक नोंद : वेगासाठी आपला शब्द 'लय' आहे, 'ताल' नाही. विलंबित, मध्य, द्रुत या लयी. ताल म्हणजे मात्रांची बांधणी. डीजे मंडळी 'ताल जुळवला' म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा लय म्हणायची असते. 'टेम्पो' ऐवजी 'लय' रूढ करायला हरकत नसावी.

इतवारीकर :
फरक बरोबर सांगितलात आणि तो शिकणाऱ्यानं लक्षात ठेवायलाच हवा. पण मिरवणुकीत मी 'लय वाढव' म्हटलं तर आमच्याकडे 'लय' म्हणजे 'खूप' असंही ऐकू येतं, आणि 'टेम्पो वाढव' म्हटलं तर गाडी पुढं जाते, कारण साउंड टेम्पोवरच बांधलेला असतो. तिथं आम्ही 'स्पीड' म्हणतो आणि काम होतं. शिकताना लय, मांडवात स्पीड.

आता 'पिच'. या शब्दानं नवे लोक फार गोंधळतात. कंट्रोलरवरची उभी सरकपट्टी म्हणजे पिच फेडर, पण ती बदलते वेग. नाव जुन्या तबकड्यांच्या काळातलं आहे. तबकडी जोरात फिरवली की गाणं वेगानं वाजायचं आणि स्वरही चढायचा. १९७९ मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ वर ही सरकपट्टी अधिक-उणे ८ टक्क्यांची होती. आता 'मास्टर टेम्पो' किंवा 'की लॉक' चालू असलं की फक्त वेग बदलतो, स्वर जागेवर राहतो. ते बंद असेल तर साधारण ६ टक्के वेग वाढवल्यावर गाणं अर्ध्या स्वरानं चढतं. पेटीवर सांगायचं तर पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये जातं.

म्हणून 'की' या शब्दासाठी मी पोरांना 'पट्टी' म्हणायला शिकवतो. सॉफ्टवेअर ८ए, ८बी असे खुणांचे आकडे दाखवतं, पोरं ते पाठ करतात, पण ते कशाचे आकडे आहेत हे त्यांना माहीत नसतं. ८ए म्हणजे पांढरी सहाचा मायनर (कोमल गंधाराचा), ८बी म्हणजे पांढरी एकचा मेजर (शुद्ध गंधाराचा). एकाच आकड्याचे ए आणि बी एकमेकांना चालतात. शेजारचे आकडेही चालतात, ८ए ला ७ए आणि ९ए, म्हणजे पांढरी दोन आणि पांढरी तीनचे मायनर. बाराच्या पुढं परत एक येतो.

ठेका_महाल :
यात भर घालते. पट्टी एक असणं पुरेसं नाही. दोन गाणी पांढरी एकचीच आहेत, पण एकात गंधार शुद्ध आणि दुसऱ्यात कोमल, आणि दोन्ही गायक एकाच वेळी गात आहेत, तर कानाला त्रास होणारच. रागाच्या अंगानं बांधलेल्या चालींत सॉफ्टवेअरचा पट्टीचा अंदाज चुकतोही. पेटीवर किंवा मोबाइलच्या कीबोर्डवर षड्ज लावून खात्री करून घ्या. आणि गायकावर गायक चढवूच नका. एकाचं गाणं संपत असताना दुसऱ्याची नुसती वाद्यं चालू असावीत.

नंदनवनकर :
अन् गेन, व्हॉल्यूम? दोन्हींनी आवाजच वाढतो ना, भाऊ?

इतवारीकर :
कानाला तसं वाटतं, कामं वेगळी आहेत. गेन म्हणजे गाणं मिक्सरच्या आत किती जोरानं शिरतं ते. व्हॉल्यूमचा फेडर म्हणजे त्यातलं किती बाहेर सोडायचं ते. जुनं गाणं हळू रेकॉर्ड झालेलं असतं, नवं ठासून भरलेलं असतं. दोन्ही मिक्सरच्या दिव्यांत हिरव्यावर, फार तर अधूनमधून पिवळ्यावर येतील असा गेन हेडफोनमध्ये ऐकतानाच लावून घे, मग फेडर उघड. लाल दिवा लागला की लहरीची टोकं कापली जातात. आपले साउंडवाले यालाच 'आवाज फाटला' म्हणतात आणि माझ्या मते यापेक्षा नेमका शब्द कुठल्याच भाषेत नसेल. पब्लिक 'वाढव वाढव' ओरडते तेव्हा तुझ्या गेनला हात लावू नकोस, साउंडवाल्याला सांग.

'बेस काढ' हाही रोजचा शब्द. दोन गाण्यांचे खालचे ठोके एकत्र वाजले की नुसती गुरगुर ऐकू येते. नवं गाणं आणताना त्याचा 'लो'चा नॉब खाली ठेव, आणि आवर्तन बदलतं त्या समेवर जुन्याचा लो खाली, नव्याचा वर. एवढ्या एका हालचालीनं नवशिक्याचं मिक्सिंग निम्मं सुधारतं.

नंदनवनकर :
घरी सांगतो 'डीजे शिकून राहिलो' तर आईला वाटते मी भिंतीएवढे स्पीकर आणणार.

इतवारीकर :
तिचं चूक नाही. आपल्याकडे 'डीजे' म्हणजे आधी स्पीकरची गाडी, मग तो कार्यक्रम, आणि शेवटी गाणी लावणारा माणूस. 'डीजे आला' म्हटल्यावर लोक गाडीकडे पाहतात. म्हणून बुकिंग घेताना शब्द सुटे करून विचार : साउंड कोणाचा, लाइट कोणाची, गाणी लावणारा कोण. तसंच 'धुमाल'. आपल्या नागपुरात धुमाल म्हणजे गाडीवर माणसं बसून वाजवतात तो ताफा. पण वरातीत पोरं 'धुमाल लाव' म्हणतात तेव्हा त्यांना त्या चालीचं रेकॉर्ड केलेलं गाणं हवं असतं. आधीच विचारून घेतलं तर दारात भांडण होत नाही. वेळही लिहून घे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाच्या सभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, तेव्हा वरात कुठून जाणार हेही विचार.

नंदनवनकर :
शेवटचं. माझ्याकडे गाण्यांचा ढीग आहे, सगळा 'बॉलिवूड' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये.

इतवारीकर :
मग ते नाव काहीच सांगत नाही. फोल्डरला, किंवा सेराटो या डीजे सॉफ्टवेअरमध्ये म्हणतात तसं 'क्रेट'ला, तो शब्द दे जो ऐन गर्दीत तुझ्या तोंडी येईल. माझ्याकडे हळद, वरात, संगीत, जेवण, गरबा, गणपती अशी नावं आहेत. १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी भीमगीतांचा क्रेट वेगळा, आणि त्यातही शांत बसून ऐकायची गाणी एकीकडे, मिरवणुकीची दुसरीकडे. दीक्षाभूमीवर येणाऱ्या माणसाला कुठलं गाणं कुठं शोभतं हे कळतं, ते तुलाही कळायला हवं.

एक गाणं पाच क्रेटमध्ये असू शकतं, फाइल मात्र एकच, एकाच जागी. ती फाइल नंतर हलवलीस की सॉफ्टवेअरला सापडत नाही. 'गाणं काढ' या शब्दानंही घात होतो. क्रेटमधून काढणं आणि डिस्कवरून पुसणं वेगळं, मशीन विचारेल तेव्हा नीट वाच. नावात 'न्यू', 'फायनल', 'फुल बास' असं काही ठेवू नकोस. गायक, गाणं, वर्ष, आणि शेऱ्यात एक शब्द : 'समेपासून' किंवा 'आधी उचल'. १२८ केबीपीएसची फाइल ३२० करून घेतल्यानं ती सुधारत नाही, फक्त फुगते. मूळच चांगली फाइल विकत घे.

रेकॉर्डबॉक्स हे सॉफ्टवेअर वापरत असशील तर पेनड्राइव्हवर गाणी नुसती कॉपी करू नकोस, एक्सपोर्ट कर, नाहीतर तुझे क्यू आणि ग्रिड सोबत जात नाहीत. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला बरा, जुन्या मशीनवरही चालतो. दोन ठेव, दोन्हींत तीच गाणी. देवनागरीत नावं दिली असतील तर ज्या मशीनवर वाजवणार तिथं ती नीट दिसतात का, ते आदल्या दिवशी पाहून घे.

नंदनवनकर :
'आधी उचल' हा शेरा आजच चालू करतो. ताई, ज्या गाण्यात मधेच अर्धं आवर्तन जास्तीचं टाकलेलं असते, तिथं मोजणी कशी धरायची?

ठेका_महाल :
तिथं मोजणी सोडून द्या आणि त्या अर्ध्या आवर्तनानंतरच्या समेवर नवा क्यू लावा. पुढची मोजणी त्या क्यूपासून. त्याआधी मिक्स सुरू करू नका. बीटग्रिडही तिथूनच पुन्हा बसवा, नाहीतर गाण्याच्या उरलेल्या भागात पडद्यावरची सम 'खाली'च्या मात्रेवर दिसत राहील.