घर विकताना शेजाऱ्यांशी खोटं बोलायचं? मला पटलं नाही

त्रिमूर्तीनगरकर
काल इथं एकानं सल्ला दिला : घर विकायला काढलं की शेजाऱ्यांना सुगावा लागू देऊ नका, गिऱ्हाईक आलं तर 'भाचा आहे' म्हणा, भाव विचारला तर दहा लाख चढवून सांगा. वाचून डोकं उठलं. ज्या काकूंकडे आपली किल्ली असते, ज्यांनी आपल्या पोरांना शाळेतून आल्यावर खाऊ घातलं, त्यांनाच निघताना फसवायचं? आणि लपतं तरी काय? दलाल माणसं घेऊन जिना चढला की सगळ्या बिल्डिंगला कळतं. विक्रीपत्र झालं की सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर कोणीही काढतो, रक्कम त्यात असतेच. आम्ही नागपुरात प्रतापनगरचं घर काढलं तेव्हा आईनं आजूबाजूला स्वतः जाऊन सांगितलं. भाव विचारला की 'ठरला की सांगते', विषय संपला. घर घेतलं ते समोरच्यांच्या व्याह्यांनी. दलालीही वाचली.

बेसा रोड
तुमच्या आईला चांगले शेजारी भेटले. आमच्याकडे गिऱ्हाईक लिफ्टसाठी उभं होतं, तेवढ्यात खालच्या काकांनी सांगितलं, 'पोराला पुण्यात फ्लॅट घ्यायचा आहे, घाईत आहेत.' वर येईपर्यंत त्या माणसाचा सूरच बदलला. तीन लाख तोडले भाऊ. ते काका भरून देणार आहेत काय? तो सल्ला शंभर टक्के बरोबर आहे.

महालची ताई
फ्लॅटवाल्यांना लपवता येत असेल. आमची भिंतीला भिंत, अन् शेजारी म्हणजे चुलत दीर. घेणाऱ्याचा वकील पेपरात जाहीर सूचना देतोच. ती वाचून कळलं असतं तर त्यांनी हरकत घेतलीच असती. मी आधी जाऊन सांगितलं, चहा घेतला, कुरकुर ऐकून घेतली. हरकत आली नाही.

मनीषनगर
शेजाऱ्यांचं काय घेऊन बसले बाप्पा! खरा ताप सेक्रेटरीचा. एनओसीसाठी दोन लाख 'विकास निधी' मागून राहिले आमच्याकडे.

निवृत्त लेखापरीक्षक
सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर करताना संस्था घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५,००० रुपये. ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. देणगी, विकास निधी असं नाव देऊन वर काही उकळता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, तर विक्रीला एनओसी लागतच नाही.

मनीषनगर
बँकेला लागते न! घेणाऱ्याचं कर्ज अडून राहिलं, त्याला मी उपविधी वाचून दाखवू का?

निवृत्त लेखापरीक्षक
मागणी लेखी द्यायला लावा आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. लोक न बोलता पैसे भरतात, म्हणून यांची हिंमत वाढते.

बेसा रोड
तक्रारीचा निकाल लागेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे बयाणा देऊन मोकळं होतं. आणि नागपुरात कितीतरी बिल्डिंगी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. आमचीही. तिथं तुमचा २००१ चा आदेश कुठं लागतो?

निवृत्त लेखापरीक्षक
तिथं त्या कायद्याखाली बिल्डिंगचं नोंदलेलं घोषणापत्र आणि त्याचे उपविधी बघावे लागतात, हे मान्य. पण आधी पूर्ण वाचा, मग मला शिकवा.

त्रिमूर्तीनगरकर
अहो, धागा शेजाऱ्यांचा आहे!

मनीषनगर
सेक्रेटरी शेजारीच आहे माझा. समोरच्या दारात राहतो. रोज तोंड पाहावं लागते त्याचं.

अंबाझरीत घर बघणारा
आता घेणाऱ्याचं ऐका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर या भागात घर बघताना आम्ही आधी शेजाऱ्यांना विचारतो. एका घरमालकानं सांगितलं, पाणी फक्त अंगणापर्यंत होतं. शेजारच्या आजींनी स्वतःच्या भिंतीवरचा छातीएवढा डाग दाखवला आणि म्हणाल्या, दोन्ही घरात सारखंच होतं. तुम्ही त्यांना भोचक म्हणाल. माझी आयुष्यभराची पुंजी वाचली. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५ वाचा : सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं स्वतः सांगायचा असतो. तो सांगत नाही, म्हणून आजींना सांगावं लागलं.

बेसा रोड
आजींनी बरोबर केलं, एवढं मानतो. पण माझी पैशाची निकड हा काय घरातला दोष आहे? ती चारचौघांत सांगायचा हक्क त्या काकांना कोणी दिला?

त्रिमूर्तीनगरकर
कोणीच नाही. काकांचं चुकलं, आणि ते त्यांना तोंडावर सांगायला पाहिजे होतं. पण एकाच्या चुकीपायी सगळ्या मजल्याला खोटा भाव सांगायचा? उद्या वरच्या मजल्यावरची बाई त्या आकड्यावर अडून बसेल, तिचं घर वर्षभर विकलं जाणार नाही.

बेसा रोड
बरं, खोटा भाव नाही सांगणार. पण गिऱ्हाईक कधी येणार आहे, हे काकांना कळू देणार नाही. यापुढे मी मागे सरकणार नाही.

मनीषनगर
लेखापरीक्षक साहेब, मघाशी तोडून बोललो, राग धरू नका. सेक्रेटरी लेखी द्यायला नाही म्हणून राहिला. आता काय करू?

निवृत्त लेखापरीक्षक
तुम्हीच अर्ज द्या : 'आपण तोंडी दोन लाख मागितले, ते कोणत्या ठरावानुसार, कळवावे.' पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. ती पावती तक्रारीला जोडा.