मदत हवी आहे : तिबेटी लिपीतला तुरेवाला ‘च’ देवनागरीत कसा लिहावा?

नमस्कार.

लडाखमध्ये काढलेल्या मणी-दगडांच्या (बौद्ध मंत्र कोरलेल्या दगडांच्या) छायाचित्रांखाली दगडावरचा मजकूर देवनागरीत लिहून देण्याचे काम मी अंगावर घेतले आहे आणि एका अक्षरापाशी अडलो आहे.

तिबेटी लिपीतल्या ३० व्यंजनांत च, छ, ज आहेतच. शिवाय त्यांच्याच आकृतीला वर उजव्या अंगाला छोटा तुरा जोडून आणखी तीन अक्षरे केलेली आहेत. मराठी माणसाला हा फरक चटकन समजतो, कारण बिनतुऱ्याचा च ‘चिमणी’तला आणि तुऱ्याचा ‘चाका’तला, ज चेही तसेच, ‘जीभ’ आणि ‘जागा’.

गोम अशी की, संस्कृत मंत्र या लिपीत उतरवताना बिनतुऱ्याची अक्षरे हाताशी असूनही च-ज साठी तुऱ्याचीच वापरतात. म्हणजे ‘चक्र’ लिहायचे ते ‘चाका’तला च घालून! ‘वज्र’ या शब्दाचे तिबेटी भाषांतर ‘दोर्जे’, आणि त्यातला ज बिनतुऱ्याचा. (हेच अक्षर सुटे लिहिले की त्याचा अर्थ चहा.) पण पद्मसंभवाच्या (तिबेटात बौद्ध धर्म रुजवणाऱ्या गुरूंच्या) मंत्रात ‘वज्र’ जसाच्या तसा येतो, तेव्हा ज वर तुरा चढतो, व चा ब होतो आणि लामा तो शब्द ‘बेंजा’ असा वाचतात, ‘जागा’तल्या ज ने. तिबेटीत व साठी अक्षर असताना ब यावा, यात मला बंगाल-मगधाकडून गेलेल्या आचार्यांचा उच्चार दिसतो. नेपाळीत आणि पूर्व बंगालच्या काही बोलींत आजही च दंत्य, म्हणजे ‘चाका’तल्यासारखा आहे. मग त्या आचार्यांचे च-जही दंत्यच होते, असे मानायला आधार आहे का?

दुसरी अडचण नावांची आहे. ‘त्सेरिंग’ म्हणजे दीर्घायू; लडाखी असो वा भूतानची जोंखा, नावाचे स्पेलिंग तेच राहते, पण आपल्या बातम्यांत ते कधी शेरिंग तर कधी त्शेरिंग होते. त्याचे पहिले अक्षर म्हणजे छ वर तुरा. आपल्याकडे ‘चाका’तला च, ‘जागे’तला ज, ‘झाडा’तला झ आहे, छ चे मात्र तसे दंत्य रूप मराठीत नाही, आणि इथे नेमके तेच हवे आहे. काश्मिरीसाठी देवनागरीत च खाली नुक्ता (टिंब) देतात. तोच छ ला दिला तर मराठी वाचक त्याचा काय उच्चार करेल, याची मला शंका आहे.

सध्या मंत्रांत ‘वज्र’ असे मूळ संस्कृत रूप ठेवून खाली ‘बेंजा’ हा उच्चार द्यावा आणि नावांत सरळ ‘त्स’ लिहावा, असे मनात आहे. मात्र त्यात तुऱ्याचे च आणि छ एकच होऊन जातात, आणि ते मला पटत नाही. भोटी (लडाखमध्ये तिबेटी लिपीत लिहिली जाणारी भाषा) किंवा तिबेटी शिकलेल्यांनी आपण हे दोन्ही वेगळे कसे लिहिता, ते कृपया उदाहरणासह सांगावे.