वीटभट्टी: गाढवाच्या पाठीवरची जखम आणि मजुराची उचल, आधी काय सोडवायचं?

मीठपाणी (धागा सुरू केला)

बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून लिहितेय, लांब होईल. मी सहा वर्षं फिरत्या पशुदवाखान्याच्या गाडीवर मदतनीस होते, काम बहुतेक वीटभट्ट्यांवर. गाढवं जास्त, थोडी खेचरं, क्वचित घोडे. पहिल्या वर्षी मला वाटायचं की जखम धुवायची, मलम लावायचं, मालकाला सांगायचं पाच दिवस काम नको, झालं आपलं काम. पाच दिवसांनी परत गेलं की तीच पाठ, तीच जखम, उलट खपली निघून खालचं लाल मांस उघडं पडलेलं आणि त्यावर विटेची धूळ बसलेली. मग मी ओरडायचे मालकावर. एकदा असंच ओरडत होते तर त्याच्या बायकोने तिचे दोन्ही हात माझ्यासमोर धरले, बोटांची टोकं गाऱ्याने खाऊन गेलेली, नखं अर्धी झिजलेली, आणि म्हणाली ह्यांना पण पाच दिवस लिहून द्या. त्यानंतर मी ओरडणं बंद केलं.

माझं म्हणणं असं आहे की जनावराचं ओझं आणि माणसाचं ओझं एकाच वहीतून येतं. पावसाळ्यात हाताला काम नसतं तेव्हा मुकादम उचल देतो, मग हंगामभर आठवड्याला खर्ची, म्हणजे फक्त पोटापुरतं, आणि खरा हिशेब भट्टी बंद होताना. मधल्या सहा-सात महिन्यांत आपण किती फेडलं हे मजुराला कळत नाही. मजुरीचा दर हजार विटांमागे, त्यामुळे जो थांबला तो बुडाला. गाढववाल्याचंही हेच, वर गाढवच उचलीच्या पैशातून घेतलेलं. अशा माणसाला "पाच दिवस बसव" सांगणं म्हणजे कर्ज तसंच ठेव आणि खाणारं एक तोंड फुकट पोस.

२०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, आणि ब्रुक, डाँकी सँक्च्युअरी ह्या कामाच्या जनावरांसाठी काम करणाऱ्या दोन संस्था, अशा तिघांनी मिळून अफगाणिस्तान, भारत, नेपाळ, पाकिस्तानच्या भट्ट्यांवर एक अहवाल काढला, त्यात मजूर, जनावरं आणि पर्यावरण एकत्र धरलंय. एकत्र धरणं हेच मला पटतं. म्हणून माझी मागणी: हिशेब दर पंधरा दिवसांनी पूर्ण आणि लेखी, वही मजुराच्या हातात, बाईच्या नावाची वेगळी ओळ, आणि पाणी-सावली माणसाला आणि जनावराला दोघांना. ह्यावर भांडायला या.

भट्टीवाला_दुसरी_पिढी

भांडायला नाही पण बोलायला आलोय. आमची भट्टी आहे, आधी वडील बघायचे, आता मी. ताई तुमचं लिहिणं मनाला लागलं, खोटं बोलणार नाही. पण उचल आम्ही जबरदस्तीने गळ्यात मारतो असं चित्र उभं राहतंय ते चुकीचं आहे. पावसाळ्यात आजारपण, लग्न, घराचं छप्पर, ह्यासाठी मजूरच दारात येतो, आणि त्याला तेव्हा दुसरं कोणी पैसे देत नाही, बँक तर नाहीच. मी नाही दिली तर तो शेजारच्या भट्टीवर जाईल, तिथे जास्त मिळेल. आणि पैसे घेऊन दोन आठवड्यांत जोडपं रातोरात निघून गेलंय असं माझ्याबाबतीत तीनदा झालंय, तो पैसा माझाही कर्जाऊ होता. माती, कोळसा, मजूर सगळं आधी रोखीने आणि माल मात्र उधारीवर जातो. बिल्डर सहा-सहा महिने पैसे देत नाही. पंधरा दिवसांनी पूर्ण हिशेब करायचा तर रोख आणू कुठून हे कोणीतरी सांगा.

आधी_माणूस

मला धाग्याची मांडणीच खटकली. भट्टीवर सात वर्षांची पोरं विटा पलटतायत, त्यांची शाळा बुडते कारण भट्टीचा हंगाम नेमका शाळेच्या वर्षावर पडतो, आणि आपण शीर्षकात आधी गाढवाची जखम लिहितो? मी असंघटित मजुरांबरोबर काम करतो. जनावरांसाठी डॉक्टरची गाडी भट्टीवर येते, बाळंत बाईसाठी येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. प्राण्यांबद्दल आकस नाही माझा. पण मदतीचा पैसा आणि लोकांचं लक्ष मर्यादित असतं, ते आधी माणसाकडे जायला हवं.

आणि भट्टीवालेदादा, मजूरच मागतो हे उत्तर कायद्यात चालत नाही. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा असली कर्जंच रद्द ठरवतो. १९८२ मध्ये एशियाडच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या, बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं म्हणजे सक्तीची मजुरीच, भूक ही पण सक्तीच असते. तुमच्याकडे नवरा-बायको-पोरं मिळून जेवढ्या विटा पाडतात त्याचा पैसा एका माणसाच्या नावावर लागतो ना? मग तो माणशी वाटून बघा, किमान वेतन भरतंय का.

भट्टीवाला_दुसरी_पिढी

नावावर एकाच्या लागतो, हो. पहिल्यापासून तशीच पद्धत आहे. बाकीचं उत्तर विचार करून देतो, आत्ता घाईत काही लिहीत नाही.

नको_ती_वीट

तुम्ही सगळे मलमपट्टीवर वाद घालताय. जी गोष्ट सुपीक मातीचा वरचा थर खाते, कोळसा जाळते, माणूस आणि जनावर दोघांना पिळते ती चालू ठेवायचीच कशाला? राखेच्या विटा आहेत, पोकळ काँक्रीटचे ब्लॉक आहेत, हलके ब्लॉक आहेत. जनावरांना भट्टीवर सरसकट बंदी घाला, लहान भट्ट्या बंद करा, सुधारणा करत बसलात तर अजून पन्नास वर्षं हेच चालेल.

खेपकरी

मी आजपर्यंत फक्त वाचत होतो. माझे आजोबा, वडील, आम्ही गाढवांवरच जगलो. बंदी म्हणणाऱ्यांना विचारतो, आमच्याकडच्या तीन भट्ट्यांवर ट्रॅक्टर आला तेव्हा गाढवं कुठे गेली तुम्हाला माहितेय का? २०१९ च्या पशुगणनेत देशात १ लाख २० हजार गाढवं राहिली, २०१२ पेक्षा ६१ टक्के कमी. काम गेलं की गाढव कोणी पोसत नाही. काही रस्त्यावर सुटली, काही कोणी कुठे नेली ते आम्हाला पण सांगितलं नाही. आणि आम्ही ट्रॅक्टर चालवायला नाही लागलो, आम्ही विटा पाडायला बसलो, म्हणजे अजून खाली.

दुसरं, वडिलांना कोणी निर्दय म्हटलं की मला झोप येत नाही. ते स्वतः नंतर जेवायचे, आधी कोंडा जनावराला. पण जखम व्हायची हे खरं आहे, नाकारत नाही.

तिसरं मीठपाणी ताईंना. तुमच्या गाडीवरच्या साहेबांनी आम्हाला नियम वाचून दाखवला होता, १९६५ चा, गाढवावर ५० किलोच्या वर नको. वीट ३ किलोची धरा, म्हणजे १६ विटा. आम्ही ३० टाकतो. १६ टाकल्या तर हजार विटांना ६३ खेपा, ३० टाकल्या तर ३४. पैसे हजारावर. म्हणजे नियम पाळला तर जनावर आणि त्याच्यामागे मी जवळजवळ दुप्पट चालणार, तेवढ्याच पैशात, त्याच उन्हात. सांगा दया कशात आहे.

मीठपाणी

खेपकरी, तुमचा हिशेब बरोबर आहे आणि आमच्या गाडीने तो कधी मांडला नाही ही आमची चूक. नुसती ओझ्याची मर्यादा आणली तर शिक्षा तुम्हालाच होते. त्याच नियमांत आणखीही आहे, दिवसाला ९ तासांच्या वर काम नको, सलग ५ तासांच्या वर नको, आणि जिथे पारा ३७ च्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जनावराला जुंपायचं नाही. ही सुट्टी कोणाच्या पैशाने? आज तरी तुमच्याच. म्हणून दर नुसत्या हजारावर न ठेवता अंतरावर पण हवा. हंगामाच्या सुरुवातीला माती भट्टीजवळ असते, मग ती संपत जाते तसं विटा पाडायची जागा लांब लांब सरकते, दर मात्र पहिल्याच दिवसाचा. तुमची खेप मार्च-एप्रिलमध्ये किती लांबते ते तुम्हीच सांगा.

रस्ता बघा. भट्टीत उतरायचा उतार मोडक्या विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो, तिथे खूर फुटतो आणि पाय मुरगळतो. तो उतार साफ करायला दोन माणसांचा अर्धा दिवस लागतो, पण तो कोणाच्याच हजारात बसत नाही म्हणून कोणी करत नाही. हे भट्टीमालकाचं काम आहे.

आणि आधी_माणूस, बाळंतिणीला गाडी येत नाही हे लाजिरवाणं आहे, तुमच्याशी वाद नाही. पण आमच्या गाडीमुळेच कित्येक भट्ट्यांचं फाटक उघडायचं. मजूर संघटनेचा माणूस म्हटलं की मुकादम आत सोडत नाही, गाढवाचं औषध म्हटलं की सोडतो. त्या फाटकातून तुम्ही पण आत या ना. धनुर्वाताची लस जनावराला द्यायला आम्ही जायचो तेव्हा बाजूला चार बायका उभ्या असायच्या, त्यांच्या लसीचं विचारायला बरोबर कोणीच नसायचं.

आधी_माणूस

फाटकाचा मुद्दा मान्य. हा मी धरला नव्हता. क्रम मात्र मी सोडणार नाही, पहिली ओळ बाईच्या नावाची, मग बाकी. तिचं नाव वहीत नाही म्हणजे कागदावर ती भट्टीवर नाहीच, अपघात झाला तर भरपाई कोणाला मागायची? पाकिस्तानात १९९२ चा कायदा आहे वेठबिगारीविरुद्ध, पंजाब प्रांतात २०१६ मध्ये खास वीटभट्ट्यांवरच्या बालमजुरीचा कायदा झाला, आपल्याकडे १९७६ चा आहे, आणि दोन्हीकडे उचल चालूच आहे. कारण तपासायला येणारा माणूस मालकाच्या ऑफिसात मालकाची वही बघतो. मजुराच्या हातात दुसरी वही नसते, मग खरं-खोटं करणार कसं.

चिमणी_आणि_हवा

भट्ट्यांच्या रचनेवर काम करतो म्हणून थोडं. रोख कुठून आणू ह्याचं अर्धं उत्तर कोळशात आहे. झिगझॅग पद्धतीत विटा अशा रचतात की गरम हवा सरळ न जाता वळणं घेत जाते, कोळसा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी लागतो, काळा धूर कमी, अव्वल विटा जास्त निघतात. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने जुन्या भट्ट्यांना हे बदलायला सांगितलंच आहे. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपात भट्ट्या पडल्या त्या पुन्हा बांधताना बऱ्याच जणांनी ह्याच पद्धतीने बांधल्या.

पण रचणाऱ्याला जास्त कौशल्य लागतं आणि कोळसा टाकणाऱ्याला थोडा थोडा, सतत टाकावा लागतो, म्हणजे काम वाढलं. वाचलेल्या कोळशातला पैसा त्यांच्याकडे गेलेला मी फार कमी ठिकाणी पाहिला. हे लोक लाकडी तळव्यांच्या चपला घालून भट्टीच्या माथ्यावर फिरतात, रबर तिथे टिकत नाही. माथ्यावर राखेचा थर जाड ठेवला तर उष्णता आत राहते, कोळसाही वाचतो आणि वर चालणाऱ्याचे पाय पण. एकाच फावड्यात दोन्ही कामं होतात, तरी तो थर अर्धा असतो सगळीकडे.

नको_ती_वीट

खेपकरींचं वाचून मी बंदीचं माझं वाक्य मागे घेतो. जनावरांचं काय होतं ह्याचा मी विचारच केला नव्हता. विटेऐवजी दुसरं काही वापरावं हे मात्र अजून म्हणतो, फक्त त्या लोकांचं पुढचं काम आधी ठरवून.

भट्टीवाला_दुसरी_पिढी

काल बसून माणशी वाटून बघितलं. भरत नाही. बायको आणि मोठा मुलगा धरले तर नाहीच भरत. हे मी वडिलांना दाखवलं, ते काही बोलले नाहीत.

उचल पूर्ण बंद करणं मला शक्य नाही, आजूबाजूच्या सगळ्या भट्ट्यांनी एकदम केलं तरच होईल, एकट्याने केलं तर माझ्याकडे मजूर राहणार नाही. हिशेब पंधरा दिवसांनी वाचून दाखवणं आणि वही त्यांच्याकडे देणं जमेल. पूर्ण रक्कम नाही, निम्मी देईन, निम्मी उचलीत वळती होईल आणि ती ओळ त्यांना दिसेल. बायकांची नावं वेगळी लिहीन. अवकाळी पावसात भिजून गेलेल्या कच्च्या विटा आजवर आम्ही मजुराच्या हिशेबातून कापायचो, त्यातल्या अर्ध्या माझ्या. ताडपत्री मी घेईन. उतार साफ करून घेतो ह्याच आठवड्यात. अंतराचा दर मात्र मला अजून पटत नाही, तो बिल्डर मला देत नाही.

आधी_माणूस

विटा भिजतात त्या पावसाने, मजुराने नाही. अर्ध्या कापणं पण बरोबर नाही. पण वही हातात देताय, ते कराच. अंगठा उठवणाऱ्यांसाठी रोज पाडलेल्या विटांच्या उभ्या रेघा त्यांच्यासमोर मारा, रेघ सगळ्यांना मोजता येते.

खेपकरी

अंतराचा दर पटत नसेल तर एक दिवस माझ्याबरोबर चालून बघा दादा, मी मनापासून बोलावतोय. पहाटे चारला सुरू करतो.

मीठपाणी ताई, एक विचारायचं होतं. आमच्या एका मादीला पाठीच्या कण्यावरच जखम आहे, मानेच्या खाली जिथे उंचवटा असतो तिथे. ओझं कमी केलं तरी भरत नाही. खोगीर म्हणजे आमच्याकडे जुन्या पोत्यांची घडी, वर दोन्हीकडे लोंबती गोणी.

मीठपाणी

घडी सपाट असते ना, म्हणून सगळं वजन कण्यावर बसतं. दोन लांब लोड शिवा, आत भुसा किंवा गवत घट्ट भरून, एक कण्याच्या डावीकडे एक उजवीकडे, मध्ये चार बोटं मोकळी, हवा आरपार गेली पाहिजे. दोन्ही लोड वर पट्टीने जोडा म्हणजे सरकणार नाहीत. जखम नुसत्या वजनाने होत नाही, गोणी घसरून घासली की होते, त्यामुळे दोन्हीकडे विटा एकेक करून एकाच वेळी भरा, आधी एक बाजू मग दुसरी असं नको. आणि घामाने भिजलेलं पोतं वाळल्यावर त्यात मीठ राहतं, ते सँडपेपरसारखं घासतं, रोज रात्री धुवून उन्हात टाका. तिला पाणी पण विचारा मधून मधून, गाढव तहान आणि दुखणं दोन्ही लपवतं, थांबलं म्हणजे खूप आधीपासून दुखतंय समजायचं.

खेपकरी

रोज धुवायला दुसरी जोडी लागेल, एकच आहे.

भट्टीवाला_दुसरी_पिढी

कोळशाची रिकामी पोती आमच्याकडे पडून असतात, झटकून दोनदा धुतली तर चालतील का? शिवायला दाभण-सुतळी पण आहे.

मीठपाणी

कोळशाची नको, बारीक कण निघत नाहीत कितीही धुतली तरी. धान्याची बघा.