घरच्या ग्रुपवर: चिंगी, तिचं नवं शहर आणि फॅन कन्व्हेन्शन

चिंगी: संपलं एकदाचं कन्व्हेन्शन, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांचं संमेलन. पाय गळून पडलेत, आवाज बसलाय. पण आता घर बघायचं ते याच शहरात. ठरलं.

बापूकाका: मध्यंतरी तर "इथे कुणी ओळखीचं नाही, बदली मागते" म्हणत होतीस. आणि फोटोत सगळे मुखवटे घातलेले. ओळख झाली तरी कुणाशी?

चिंगी: काका, मुखवटेच बरे पडले 😄 ऑफिसात माणूस भेटला की आधी "कुठून आलात, कुठल्या टीममध्ये?" इथे बॅजवर मीच निवडलेलं नाव. पहिला प्रश्न, आवडतं पात्र कोण. त्यावरून वाद सुरू झाला की पुढचं सगळं आपोआप.

वहिनी: नुसती फिरलीस की काही कामही केलंस?

चिंगी: काम केलं म्हणून तर जमलं. नुसतं तिकीट काढून गेले असते तर गर्दीत एकटीच फिरले असते. स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं. आधी रांगेवर उभी केली, मग दुरुस्तीच्या टेबलावर. कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेष, करून आलेल्यांचे पंख निखळतात, पट्टे तुटतात, विग सरकतात. आमच्याकडे सुई-दोरा, सेफ्टी पिना, ग्लू गन. ती लोखंडी दिसणारी चिलखतं बहुतेक फोमची असतात, हीट गनने तापवून वळवलेली. नवखे ती ग्लू गनने चिकटवतात आणि उकाड्यात सांधे सुटतात. जुनेजाणते चपला-बूट चिकटवायचा गोंद वापरतात, तो धरतो.

मामा: हे शिवणटिपण कन्व्हेन्शनांइतकंच जुनं आहे बरं का. पहिलं वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथावाल्यांचं संमेलन, १९३९ साली न्यूयॉर्कला भरलं. माणसं साधारण २००. लॉस एंजेलिसहून फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यातल्या माणसांसारखे कपडे घालून आले. शिवले होते डग्लसबाईंनी. नाव मात्र बरीच वर्षं अ‍ॅकरमनचंच निघत राहिलं.

मोठी मावशी: यात नवल ते काय.

छोटू: ताई, कुणी मोठा अ‍ॅक्टर आला होता का? सही घेतलीस?

चिंगी: आला होता, पण रांग बघून मी परत फिरले. पैसे भरा, फोटो काढा, चला पुढे. माझ्या मते तोच सगळ्यात कंटाळवाणा भाग. खरी मजा आर्टिस्ट अ‍ॅलीत, म्हणजे चित्रकारांच्या टेबलांच्या रांगेत. स्वतःचं कॉमिक स्वतःच छापून विकायला बसलेली पोरं! घ्या म्हणून आग्रह नाही, पण गोष्ट विचारली की थांबत नाहीत.

मामा: तोक्योचं 'कॉमिकेत' नावाचं कॉमिक्स-संमेलन यावरच उभं राहिलंय. १९७५ ला ३२ गट आणि ७०० च्या आसपास माणसं होती. विकणारा, घेणारा, रांग लावणारा, सगळ्यांना ते सहभागीच मानतात. गिऱ्हाईक कुणीच नाही.

बापूकाका: ते सगळं ठीक. पण त्यावरून शहर ठरवायचं? घर घेताना पाणी, येणं-जाणं, दवाखाना बघतात.

मामा: बापू, हे लोक शहरंसुद्धा मतदान करून ठरवतात! वर्ल्डकॉन फिरतं असतं. पुढचं कुठे, ते सदस्यांच्या मतांवर. १९४८ टोरांटो, २००७ योकोहामा, २०१७ हेलसिंकी, २०२३ चेंगडू. उलट सॅन दिएगोचं कॉमिक-कॉन १९७० पासून तिथेच ठाण मांडून आहे.

बापूकाका: तुझं वाचन दांडगं आहे, पण पाण्याचं कुणी बोलेल का?

चिंगी: काका, तेच सांगतेय. टेबलावर माझ्या शेजारच्या बाई इथेच वाढलेल्या. कुठला भाग पावसात तुंबतो, कुठे रात्री उशिरा बस मिळत नाही, कुठल्या इमारतीत टँकर येतो, हे त्यांनी एका चिलखताचा खांदा चिकटवता चिकटवता सांगितलं. मला आवडलेला फ्लॅट त्यातच बाद झाला. एजंटने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

बापूकाका: हां. हे कामाचं.

आजी: रात्री परत कुणाबरोबर आलीस?

चिंगी: सगळे स्वयंसेवक एकत्रच निघालो, आजी. आणि तिथे नियम कडक असतात. विचारल्याशिवाय फोटो नाही, अंगाला हात नाही. आत शिरतानाच पाटी.

मामा: न्यूयॉर्क कॉमिक-कॉनने २०१४ मध्ये तशा पाट्या लावल्या होत्या.

छोटू: पुढच्या वर्षी मी येणार!!

वहिनी: आधी परीक्षा.

चिंगी: येऊ दे गं, पण लहान मुलांबरोबर मोठं माणूस लागतं. काका, येता का याच्याबरोबर?

बापूकाका: वेष करावा लागेल?

चिंगी: सक्ती नाही. पण रांगेवर माणसं कमी पडतात आणि ओरडायचा सराव तुम्हाला आहेच.