पिक्चर ट्यूबमधलं ‘कोटिंग’: मुलामा, लेप की थर?

नारायण पेठ: जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूब कशा बनवत, यावरचा मजकूर मराठीत करतोय. कॅथोडला ‘ऋणाग्र’ चालवून घेतलं. गाडी अडलीय ‘पॅटर्न्ड मेटल कोटिंग’पाशी. ‘नक्षीदार धातुलेप’ लिहिलं की सराफाचं दुकान डोळ्यांपुढे येतं. ‘मुलामा’ कसा वाटतो?

तुळशीबाग: मुलामा नको. त्यात आत एक नि बाहेर एक असा वास येतो. ‘गोड बोलण्याचा मुलामा’ म्हणतोच की आपण. आणि कुणी कल्हई सुचवायच्या आत सांगून ठेवते: तापल्या भांड्यावर नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतात, ती कल्हई. कथील नाही तर कल्हई नाही.

बुधवार पेठ: आमचा जन्म टीव्ही दुरुस्तीत गेला. आधी वस्तू बघा, मग बारसं करा. रंगीत ट्यूबच्या काचेला आतून फॉस्फर, म्हणजे इलेक्ट्रॉन आपटले की उजळणारी भुकटी, असतो आणि त्याच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा. त्यावर नक्षीबिक्षी काही नाही, सलग असतो. फॉस्फरचा मागे जाणारा उजेड तो पुढे परतवतो. बसवायची रीत मात्र बघण्यासारखी. फॉस्फर खडबडीत, म्हणून आधी त्यावर लॅकरची गुळगुळीत फिल्म. मग निर्वातात अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून तिच्यावर धरवायची. शेवटी भट्टीत लॅकर जाळून टाकायचं. इलेक्ट्रॉन एवढ्या पातळ धातूतून आरपार जातात, कारण मागे 25 किलोव्होल्टच्या आसपास दाब असतो.

नक्षी असते फॉस्फरची. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रसायनात भुकटी कालवून काचेवर पसरतात, त्याच ट्यूबच्या शॅडो मास्कमधून (काचेमागच्या भोकाभोकांच्या जाळीतून) अतिनील प्रकाश टाकतात आणि पाण्याने धुतात. उजेड पडला तेवढंच राहतं. हे तीनदा, तीन रंगांसाठी. म्हणून मास्क आणि काच यांची जोडी लागलेली असते. एकीचा मास्क दुसरीला लावलात, तर रंगांचा बट्ट्याबोळ.

भोसरी: आणि शॅडो मास्क म्हणजे कोटिंग नव्हेच. तो पातळ पत्रा. त्यावर फोटोरेझिस्ट, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारं तसलंच रसायन, चढवतात, भोकांची आकृती छापतात आणि फेरिक क्लोराइडच्या फवाऱ्याने तेवढा धातू खाऊन टाकतात. आम्ही याला सरळ ‘एचिंग’ म्हणतो. पीसीबीवरचं, म्हणजे सर्किटच्या पाटीवरचं, तांबंही असंच काढतात. चांगल्या ट्यूबमध्ये पत्रा इन्व्हारचा, म्हणजे लोखंडात 36 टक्के निकेल. सुमारे 80 टक्के इलेक्ट्रॉन मास्कवरच आपटतात. साधं पोलाद त्या तापाने फुगतं, भोकं सरकतात आणि रंग बिघडतात. इन्व्हार जवळजवळ प्रसरण पावत नाही.

नारायण पेठ: माझ्या मजकुरात धातू वाफेने बसवलाय आणि मग ठिकठिकाणी काढलाय.

तुळशीबाग: मग लेप बाद. लेप ओला असतो, हाताने किंवा कुंचल्याने लागतो. वाफेतून बसतो तो थर. आणि नामाच्या मागे कशाला लागताय? ‘धातूचा थर बसवून नको तिथला काढून टाकतात’ लिहा. मथळ्यात आखूड हवं असेल तर ‘आकृतिबद्ध धातुथर’. कानाला जड आहे, पण खोटं नाही.

भोसरी: ‘एचिंग’ तसंच ठेवा. ‘अम्लरेखन’ लिहिलंत तर आमची पोरं चित्रकलेचा तास समजतील.

बुधवार पेठ: आणि कृपा करून शॅडो मास्कचा ‘छायामुखवटा’ करू नका. दुकानात आम्ही जाळी म्हणायचो. ‘छायाजाळी’ करा हवं तर.