कॅन्सर हॉस्पिटलमधल्या चॅप्लेनला परत बोलवावं का? सासरे माळकरी आहेत

मेघना_जर्सी:
नमस्कार मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून विचारतीये. सासऱ्यांना (वय 74, इथे अमेरिकेत आमच्याजवळच असतात) फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय, किमो आणि रेडिएशन दोन्ही चालू आहे. अ‍ॅडमिट करताना धर्म विचारला होता, मी हिंदू सांगितलं आणि विसरून गेले. परवा एक बाई आल्या, गळ्यात हॉस्पिटलचा बॅज, मी चॅप्लेन, जरा बसू का म्हणाल्या. मी बाबांना घाईत सांगितलं की या इथल्या धर्मगुरू आहेत, तर त्यांचा चेहराच उतरला. त्या गेल्यावर हळूच विचारतात, "डॉक्टरांनी हात टेकले का गं?"

त्यात रेडिएशनला गळ्यातली तुळशीची माळ काढायला लावतात. 35 वर्षं माळ उतरलेली नाही, पहिल्या दिवशी टेबलाशी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते, शेवटी मीच काढली आणि ते अजून मला खातंय. तेव्हापासून गप्प गप्प असतात, दोन घास खाल्ले की ताट सरकवतात. त्या बाईंना परत बोलवू का? येशूची प्रार्थना वगैरे करायला लावतील का, आणि पैसे पडतात का?

शरयू_बे_एरिया:
मेघना, आधी ती माळेची टोचणी काढून टाक गं, उपचारासाठीच केलंस ना. चॅप्लेन म्हणजे पेशंटला मानसिक, आध्यात्मिक आधार देणारी व्यक्ती. मी इथे चॅप्लेनसीचं ट्रेनिंग, सीपीई (क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन) म्हणतात, त्याची 2 युनिट केलीयेत. एक युनिट म्हणजे 400 तास, आणि बोर्ड सर्टिफाइड व्हायला अशी 4 लागतात, वर मास्टर्स डिग्री आणि कामाचा अनुभव. स्वतःचा धर्म पेशंटवर लादायचा नाही हा त्यांच्या आचारसंहितेतला नियमच आहे. वेगळं बिल सहसा येत नाही. आणि चॅप्लेन शेवटीच येतात असं अजिबात नाही, किमोच्या पहिल्या दिवशीही येतात, आम्ही तर गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्यांकडेही जायचो.

या ट्रेनिंगची सुरुवात 1925 मध्ये अँटन बॉयझन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात केली, आणि ते स्वतः मानसिक आजारात हॉस्पिटलमध्ये राहून आलेले होते. म्हणून ग्रंथांच्या आधी माणूस वाचायला शिका यावर त्यांचा भर. आम्हाला पहिल्या आठवड्यात गप्प बसायलाच शिकवलं, खरं सांगते ते सगळ्यात अवघड गेलं. एवढी देवाची सेवा केली मग मलाच का, हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, त्याला उत्तर द्यायचं नसतं, तो प्रश्न पूर्ण विचारू द्यायचा असतो.

अनुजा_डॅलस:
माझ्या आईला ब्रेस्ट कॅन्सर होता. तिचा एकच हट्ट, संध्याकाळी दिवा लागला पाहिजे, आणि खोलीत ऑक्सिजन चालू असल्यामुळे काडी पेटवायची नाही, पांढऱ्या पेशी उतरल्यावर ताजी फुलंही बंद. चॅप्लेनने बॅटरीवरचा दिवा आणून दिला आणि रोज साडेसहाला नर्स तो लावेल अशी नोंदच करून ठेवली. आई त्या प्लॅस्टिकच्या दिव्याला हात जोडायची.

एक मात्र कळकळीने सांगते, दुभाषी तू होऊ नकोस. मराठी इंटरप्रिटर फोनवर नाहीतर आयपॅडवर मिळतो, फुकट, आणि तो देणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे. सुनेसमोर सासरा भीती बोलून दाखवेल का गं?

परळकर:
आपल्याकडे हे काम जास्त करून पॅलिएटिव्ह (पेशंटचा त्रास कमी करणारी) टीम, सोशल वर्कर आणि सिस्टर्स करतात, चॅप्लेन हा शब्द कुणी वापरत नाही. वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारी जागा), फक्त कॅन्सरचे पेशंट आणि सगळ्या धर्मांचे. माझी वहिनी शेवटचे 19 दिवस तिथे होती. उशाशी गजानन महाराजांचा फोटो होता, सिस्टर चादर बदलताना तो आधी हळूच उचलायच्या आणि मग परत तिच्याकडे तोंड करून ठेवायच्या. एवढं पुरतं हो माणसाला.

मेघना_जर्सी:
सगळ्यांचे खूप आभार. काल त्या बाई परत आल्या, आयपॅडवर इंटरप्रिटर काका होते, बोलण्यावरून वऱ्हाडातले वाटले, बाबा तिथेच खुलले. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसले. 50 मिनिटं!! काय बोलले ते मी विचारलं नाही, संध्याकाळी आपणहून एवढंच म्हणाले की देव परीक्षा बघतोय असं ती बाई एकदाही म्हणाली नाही.

माळेचंही त्या चॅप्लेन बाईंनीच रेडिएशनवाल्यांशी बोलून ठरवलं. बाबांचे हात डोक्याच्या वर ठेवतात आणि किरण छातीवर असतात, त्यामुळे माळ मनगटाला गुंडाळली तर चालते म्हणाले, आम्हाला कुणाला विचारायचं सुचलंच नव्हतं. आज सकाळी बाबांनी स्वतःच माळ गळ्यातून काढली, कपाळाला लावली आणि हात पुढे केला, म्हणाले, "दोन वेढे घाल, सैल नको."